मदत हवी आहे: माणदेशातलं वर्षाचं धान्य डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात कसं ठेवू?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सासू-सासरे गावाकडून कायमचे आमच्याकडे डोंबिवलीला येत आहेत. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. सोबत घरचं धान्यही येणार: 50 किलो शाळू (रब्बी ज्वारी), 20 किलो बाजरी, मटकी आणि हुलगे (कुळीथ) 5-5 किलो. शिवाय वर्षाचा मसाला, सांडगे, कुरडया. तिकडे पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं की पुढच्या सुगीपर्यंत बघावं लागत नाही. पण ती कोरडी हवा. इथे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पोहे मऊ पडतात, रव्याला जाळी धरते.

स्वयंपाकघर साधारण 8 बाय 7 फूट. ओट्यासमोर चार कप्प्यांचं कडाप्प्याचं फडताळ, ओट्याखाली ट्रॉल्या, वर माळा. सिंकखालची ट्रॉली कायम दमट असते. लागून छोटी बाल्कनी आहे, तिथे पावसाची झड येते.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना वाकायला जमत नाही आणि स्टुलावर तर मी चढूच देणार नाही. पण स्वयंपाक त्यांना स्वतःच्या हाताने करायचा असतो. नव्या घरात त्यांना "तिखट कुठंय गं?" असं सारखं विचारावं लागू नये, ही माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून त्या यायच्या आधीच सगळं लावून ठेवायचंय.

कमरेपासून खांद्यापर्यंतचे दोन कप्पे त्यांच्यासाठी मोकळे करतेय. तिथे पिठं, तांदूळ, डाळी, मिसळणाचा डबा, चहा-साखर, गूळ. शाळूचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणायचं ठरवलंय, कारण जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरत जाते. इथवर ठीक आहे. अडलंय ते पुढे.

कोठी नक्की कुठे ठेवू? मटकीला भुंगा लागू नये म्हणून काय करता? डबे स्टीलचे बरे की काचेच्या बरण्या? सासूबाईंना लेबल वाचायला चष्मा लागतो, त्यामुळे आतलं दिसलं तर सोयीचं. काही जणींनी धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकायला सांगितलं, पण घरात लहान मूल आहे. त्या सोडून उपाय सांगा.

प्रतिसाद

आम्ही रत्नागिरीचे, दमट हवेशी जन्माचं नातं! पाऱ्याला नाही म्हणालात ते उत्तम केलंत.

कोठी बाल्कनीत अजिबात नको. घरातच, लाकडी पाटावर, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा. बाहेरच्या भिंतीला तर टेकवूच नका, पावसात तिला ओल येते. धान्याला गावीच कडक ऊन द्यायला सांगा आणि पूर्ण निवल्यावरच भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो. पाला सावलीत खडखडीत वाळलेला हवा. कोठी सारखी उघडू नका. महिन्याचं काढून वेगळ्या डब्यात ठेवा.

मटकी भरण्याआधी मूठभर हातावर घेऊन उजेडात बघा. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी. मटकी किलो-किलोच्या पाकिटांत घट्ट बंद करून आळीपाळीने चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पाकीट फोडू नका, नाहीतर दाण्याला पाणी सुटतं. हुलग्यांना एरंडेलाचा हलका हात पुरतो. रवा आणला की कोरडाच भाजून ठेवा.

डाळी, साखर, पोहे काचेत चालतील. तिखट-मसाला मात्र उजेडात ठेवू नका, रंग उडतो. तो चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे, आणि चमचा कोरडा. सिंकखाली फक्त भांडी. सांडगे-कुरडया हवाबंद करून माळ्यावर, त्या तुम्हीच काढून द्यायच्या.

आणि एक सुचवू? डबे तुम्ही भरा, पण कप्प्यात मांडायचं काम सासूबाईंना करू द्या. आपल्या हाताने लावलेलं त्यांना अंधारातही सापडेल.

धागाकर्ती

खूप आभार! शेवटचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही कप्पे आता रिकामेच ठेवते.

कोठीला हॉलमध्ये दाराशेजारची आतली भिंत मिळेल. पण एवढ्या जागेत एकच कोठी बसते, शाळूची. बाजरीचं काय करू? तिचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून एकदम दळून ठेवता येत नाही. स्टीलच्या मोठ्या डब्यात 20 किलो बाजरी पावसाळाभर कुणी ठेवली आहे का? की दिवाळीनंतरच गावाकडून मागवू?