निगडीच्या पाल्यानं दुखणं थांबलं का उंदरं नुसतीच पेंगली? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात एम.फार्म करतोय, फार्माकॉलॉजी, शेवटचं वर्ष. विषय निर्गुडी, म्हणजे आमच्याकडची निगडी. आज्जीच्या गुडघ्याला पाला तव्यावर गरम करून बांधायचो, त्यातनंच सुचला. पन्हाळ्याच्या वाटेवरनं पाला आणला, पण ऐन जुलैत, आणि इथला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, अर्धा पाला वाळायच्या आधीच बुरसला, परत जावं लागलं. असो. सॉक्सलेटवर (अर्क काढायचं काचेचं यंत्र) इथेनॉलमधे अर्क काढला, एथिक्स कमिटीची परवानगी होतीच, 100, 200 आणि 400 मिग्रॅ प्रति किलो असे डोस तोंडातनं दिले.

आता गोची बघा. ॲसिटिक ॲसिड पोटात टोचलं की उंदीर पोट आत ओढून मागचे पाय ताणतंय, ते रायदिंग मोजायचं. 400 ला ते एकदम कमी आलं, मी खूश, सर पण खूश. मग ॲक्टोफोटोमीटरमधे (उंदराची हालचाल मोजायचं यंत्र) ठेवली तर हालचालीचे आकडे पण धाडकन खाली, पेंटोबार्बिटल या झोपेच्या औषधाची झोप पण लांबली, आणि पिंजऱ्यात परत सोडलेली उंदरं भुश्यात नाक खुपसून पडून. मग रायदिंग कमी झालं ते दुखायचं थांबलं म्हणून, का अंग ताणायचाच कंटाळा आला म्हणून?

हॉट प्लेटवर (गरम पत्र्यावर उंदीर किती वेळात पाय चाटतंय नायतर उडी मारतंय ते बघायचं, 55 डिग्री, 15 सेकंदाला उचलायचं) माझीच चूक झाली, तुलनेसाठी स्टँडर्ड म्हणून डायक्लोफिनॅक दिलं आणि त्यानंच काही दाखवलं नाही. सिनियर हसला, म्हणाला अरे तिथं मॉर्फिन नायतर पेंटाझोसिन असं मेंदूवर काम करणारं वेदनाशामक लागतंय.

सूजेचं मात्र टेन्शन नाही. रॅटच्या (मोठ्या जातीचा उंदीर) पंजात सूज आणणारं 1 टक्का कॅराजीनन 0.1 मिली टोचलं, पहिल्या तासाला हिस्टामिन-सेरोटोनिनचा जोर असतो तेव्हा फरक नाही, तिसऱ्या तासाला प्रोस्टाग्लँडिनच्या वेळेस सूज कमी. पेंगलेल्या रॅटचा पंजा पण सुजतोच की, त्यामुळं इथं झोपेचा संबंध लावता येत नाही.

तर विचारायचं असं, 100 ला हालचाल कंट्रोलसारखीच (अर्क न दिलेल्या उंदरांसारखी) आहे आणि रायदिंग थोडं कमी, तेवढ्यावर वेदनाशामक लिहू का? का आधी रोटारॉड (फिरता दांडा) लावून तोल जातोय का बघू? फॉर्मॅलिन टेस्ट (पंजात फॉर्मॅलिन टोचून उंदीर तो किती चाटतंय ते मोजायचं) पण डोक्यात आहे, पण त्याला जादा उंदरं म्हणजे परत कमिटीकडं अर्ज. सर म्हणतात लिहून टाक, पण व्हायवाला बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न हाच टाकणार. कुणी केलं असेल तर रोटारॉडला किती आरपीएम ठेवला आणि उंदरं किती दिवस आधी शिकवली तेवढं सांगा राव.