किल्लारी भूकंपाच्या आठवणींची वाकळ शिवावी का?

तेरणाकाठ
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरच्या मातीच्या माळवदासकट, झोपेतच लोकांच्या अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांतले एक आमचे.

नव्या गावात रस्ते रुंद आहेत, घरे सुटी आहेत. मात्र कोणाची भिंत कोणाला लागून होती, हे आता साठीपुढच्या माणसांनाच सांगता येते. दरवर्षी आम्ही दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो आणि घरी परततो. तेव्हा सामुदायिक अग्नी द्यावा लागल्याने अनेक घरांत दहावा-तेराव्याचे विधीही रीतसर झाले नाहीत. म्हणून गावातल्या बायकांनी मिळून एक मोठी वाकळ शिवावी आणि प्रत्येक घराने एका वहीत आपल्या माणसांविषयी लिहावे, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. माझी आई मात्र म्हणते, "खपली कशाला काढता?" तिचे ऐकून थांबावे का?

निवृत्त शिक्षिका
आईंचे म्हणणे उडवून लावू नका. त्यांना न बोलण्याचा हक्क आहे आणि तो सर्वांच्या देखत मान्य करूनच कामाला लागा.

मात्र आपल्याकडच्या बायका दुःखाविषयी गप्पच राहत आल्या, असे मी म्हणणार नाही. माणसांपुढे जे काढता येत नव्हते ते त्या पहाटे जात्यावर ओवीत घालत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांच्या पुढाकाराने खेडोपाडी गोळा झालेल्या अशा ओव्यांची संख्या लाखावर आहे. सासर, माहेर, गेलेली आई, दूरचा भाऊ हे सारे त्यांत आहे. जात्याची सोय अशी की हात कामात असतात, नजर खाली असते आणि शेजारी बसलेली बाई ऐकत असली तरी तिने काही उत्तर द्यावे अशी अपेक्षा नसते. वाकळीला टाके घालतानाही हेच घडते. म्हणून वहीपेक्षा वाकळ आधी घ्या, आणि लिहिता न येणाऱ्या आजीचे बोलणे नातीने तिच्याच शब्दांत उतरवू द्या. ते प्रमाणभाषेत "सुधारून" घेऊ नका.

सॅन फ्रान्सिस्कोतील वाचक
मी राहतो त्या शहरात १९८० च्या दशकात एड्सने गेलेल्यांसाठी अशीच गोधडी सुरू झाली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा असतो. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती प्रथम पसरली गेली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत. ज्यांच्या अंत्यविधीलाही घरचे फिरकले नाहीत, अशांची नावे मित्रांनी त्यावर शिवली. त्यांत गेलेल्यांचे सदरे आणि टोप्याही आहेत. आपल्याकडे मृताचे कपडे घरात ठेवू नयेत असे मानणारे पुष्कळ आहेत, तेव्हा तो भाग जसाच्या तसा उचलू नये. शिवाय ढिगाऱ्यातून कपडे तरी किती हाती लागले असतील?

स्पष्टवक्ता
माझा विरोध वाकळीला नाही, तिच्यामागे लागणाऱ्या फलकाला आहे. पाहुणे येतील, सत्कार होतील आणि एखाद्या म्हातारीला ध्वनिक्षेपक हाती देऊन "त्या रात्री काय झाले ते सांगा" म्हटले जाईल. लिहिल्याने मन हलके होते हेही सरसकट खरे नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आघातांविषयी लिहिले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच वाईट वाटले. पुढच्या महिन्यांत मात्र दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांच्या मानाने कमी झाल्या. ते लेखन खाजगी होते, हे विसरू नका. तुमची वही कोण वाचणार, हे आधी ठरवा. आणि लिहिल्यावर रात्री जिला झोप येणार नाही, तिच्यासोबत कोण थांबणार आहे?

तेरणाकाठ
सर्वांचा आभारी आहे. काल आईला हे सारे वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर तिने विचारले, "वाकळीवर आपली गल्ली दाखवता येईल का?" त्यावरून आम्ही बेत बदलला आहे. त्या रात्रीचे काहीच शिवायचे नाही. वेशीपासून आडापर्यंतचे जुने गाव कापडावर मांडायचे, एका घराला एक तुकडा, आणि ज्याच्या भिंतीला ज्याची भिंत लागून होती ते तुकडे तसेच एकमेकांना जोडायचे. वही कुलपात राहील, आणि ज्याचे पान त्याला हवे तेव्हा परत मिळेल. पाहुणे बोलावणार नाही.

एकच प्रश्न उरला होता. ज्या घरातले कोणीच वाचले नाही, त्याचा तुकडा कोणी शिवायचा? आमच्या गल्लीत अशी दोन घरे होती. त्यांतल्या एकाची भिंत आमच्या घराला लागून होती, तेव्हा ते आई शिवणार आहे. दुसऱ्यासाठी त्यांच्या पलीकडच्या घरातली लेक माहेरी येईल तेव्हा तिला विचारायचे आहे.