डिप्रेशनची गोळी आणि नवराबायकोतली जवळीक: डॉक्टरांना कसं सांगू?

नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत नाही, म्हणून नवा काढलाय. सोलापुरात राहते, वय ३४, एकत्र कुटुंब.

दिवाळीपासून डिप्रेशन आणि घाबरेपणासाठी एस्सिटॅलोप्राम १० चालू आहे. गोळीने फरक पडला हे आधीच सांगते. झोप लागते, जेवण जातं, यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीतही छातीत धडधडलं नाही. आजारात इच्छा पार गेलेली. आता मनात येतं, पण शरीर साथ देत नाही. कोरडेपणा, बधिरपणा, आणि कितीही वेळ गेला तरी ऑरगॅझम येतच नाही. ह्यांना वाटतं माझं मन उडालंय. 'आजही नाही झालं तर' या धास्तीने मी हल्ली झोपेचं सोंग घेते.

मैत्रीण म्हणते गोळी सोड. पण ते दिवस परत नकोत.

डॉक्टर चांगले आहेत, पण वडिलांच्या वयाचे. सासूबाई केबिनमध्ये सोबत, दारात पुढचा पेशंट उभाच. 'अजून काही त्रास?' विचारलं की मी मान हलवून मोकळी. हे आजारामुळे की गोळीमुळे? आणि सांगायचं कसं?

प्रतिसाद १: फार्मासिस्ट आहे. या गटातल्या गोळ्यांचा, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिनचासुद्धा, हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. बायका सांगत नाहीत इतकंच. इच्छा परत आली पण ऑरगॅझम नाही, यावरून गोळीवर संशय जास्त. तरी थायरॉइड बघून घ्या. मनाने बंद मात्र करू नका. चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आजार उलटतो तो वेगळाच. डोस कमी करणं, गोळी बदलणं, ब्युप्रोपिऑन ही वेगळ्या गटातली डिप्रेशनची गोळी जोडणं असे मार्ग आहेत. ब्युप्रोपिऑनने काहींचा घाबरेपणा वाढतो, तेव्हा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रतिसाद २: ताई, चार ओळी लिहून फाइलमध्ये ठेवा, डॉक्टर वाचतील. 'मला एकटीला बोलायचंय' म्हणालात तरी चालतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. आधी कुणाशी तरी बोलून बघायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती: फाइल सासूबाईंच्याच पिशवीत असते हो! मोबाइलवर टाइप करून दाखवीन. थायरॉइड बाळंतपणानंतर केलेलंच नाही, तेही विचारते. ह्यांना प्रतिसाद १ वाचायला देऊ का? की आधी डॉक्टरांकडे सोबत नेऊ?