थंडीत सकाळी सेकंड गिअर पडत नाही, क्लच की गिअरबॉक्स?

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअरची मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली, वाळपईत (सत्तरी, गोवा) घरासमोर उघड्यावरच असते. डिसेंबर लागला की सकाळी फर्स्टवरून सेकंडला जाताना लिव्हर अडतो, जोर लावला तर खर्र करून पडतो, होंडा गाव मागे टाकलं की हळूहळू मोकळा होतो आणि साखळीला पोचेपर्यंत काहीच त्रास नाही. मध्ये चोर्ला घाटातून बेळगावला गेलो, रात्री तिथेच मुक्काम होता, तर पहाटे याहून वाईट. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्याआधी काही बघता येईल का?

फोंड्याचा गाडीवाला:
इतक्यात उतरवू नका हो. सकाळी गाडी गार असतानाच इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा (एखादा दातावर दात येऊन अडला तर गाडी किंचित ढकला). मग इंजिन चालू करून उभ्या गाडीतच तेच करा. बंद असताना मऊ पडतात आणि चालू केल्यावर फर्स्ट अडतो, रिव्हर्स खरखरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचा क्लच असेल तर आपल्या पावसात केबल आतून गंजते, हायड्रॉलिक असेल तर फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, ते दोन्ही स्वस्तात होतं. पण बंद गाडीतही लिव्हर जड लागला तर लिंकेजचं (लिव्हर ते गिअरबॉक्स जोडणीचं) ग्रीस नाहीतर गिअर ऑईल. गरम झाल्यावर सुटतंय म्हणजे मला तर ऑईलच वाटतंय.

बार्देशकर:
मी सकाळी गाडी चालू करून चहा होईस्तोवर तशीच ठेवतो, सोपा उपाय.

फोंड्याचा गाडीवाला:
त्याने इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा नाही. ते ऑईल गाडी चालवूनच तापतं. सुरुवातीला हळू चालवा, सेकंड टाकताना न्यूट्रलला क्षणभर थांबा, जबरदस्ती करू नका. आत पितळी सिंक्रो रिंग असते, ती गिअरला घासून दोघांचा वेग जुळवते, ऑईल घट्ट असलं की मधला थर लवकर फुटत नाही आणि रिंगची पकड बसत नाही. ढकलून टाकाल तर रिंग झिजते, आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

काणकोणकर:
एक सांगतो, आपल्याकडची थंडी ती काय. 80W ग्रेडच्या गिअर ऑईलची थंडीतल्या घट्टपणाची चाचणी उणे 26 अंशाला होते, 75W ची उणे 40 ला. मग सत्तरीतल्या गारव्यात लिव्हर अडतोय तर ऑईल जुनं झालंय, चुकीचं आहे किंवा कमी आहे. मॅन्युअलमध्ये दिलंय तेच घाला. काही जण डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाचं) जीएल-5 दर्जाचं ऑईल घालतात, पण जिथे जीएल-4 सांगितलंय तिथे ते नको, त्यातली गंधकाची रसायनं पितळाला खाऊ शकतात आणि सिंक्रोची पकडही बिघडते.

सत्तरीकर:
बंद गाडीतही जडच आहे, आत्ताच बघितलं. आधीच्या मालकाने ऑईल कधी बदललं माहीत नाही. पावसाळ्यात एकदा पाण्यातून गाडी काढली होती, त्याचा संबंध असेल का?

काणकोणकर:
असू शकतो. गरम गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) पाणी आत ओढलं जातं. ऑईल काढल्यावर दुधट दिसलं तर पाणी गेलेलं आहे, नवं घालून थोडे दिवस चालवा आणि परत बदला. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर बारीक करडा चिखल असतोच, घाबरू नका. ऑईलमध्ये सोनेरी चकाकी जास्त दिसली तर सिंक्रो झिजलाय, लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र उघडावंच लागेल. आणि मेकॅनिकला आधी वरचा फिलर बोल्ट सैल करायला सांगा. तो गंजून बसलेला असला आणि खालून ऑईल काढून टाकलं तर नवं घालायचं कुठून?