मागचं चाक हलतंय, बेअरिंग बदलूनही प्ले परत येतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, १०० सीसी, तारांची चाकं, मागे ड्रम ब्रेक. मेन स्टँडवर लावून मागचं चाक एका हाताने वरून, एका हाताने खालून धरलं आणि आडवं हलवलं की ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. टायरच्या कडेला दोनेक मिलिमीटर तरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, असावा. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणावर गाडी झुकवली की पुढचा भाग आधी वळतो आणि मागचा जरा उशिराने त्याच्या मागे येतो, असं वाटतं. खड्ड्यातून गेल्यावर तर हमखास.

बेअरिंग बदलून झालीत. बदलल्यावर चाक एकदम घट्ट होतं, पण काही आठवड्यांत परत पहिले पाढे पंचावन्न. गॅरेजवाल्याचं म्हणणं, माल डुप्लिकेट निघाला, दुसरी टाकू. मला ते पटत नाही, कारण काढलेलं बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं तर मऊ फिरतं, खरखर नाही, आतली रिंग बाहेरच्या रिंगमध्ये हलतही नाही. मग प्ले आला कुठून?

घरी जेवढं पाहता आलं तेवढं पाहिलंय. एक्सलचा नट घट्ट आहे. तारांवर पान्याने टिचकी मारून पाहिली, सगळ्या टणटणीत वाजतात, एकही बद्द वाजत नाही. चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना) वायर बांधून तिचं टोक रिमजवळ आणलं आणि चाक फिरवलं, रिम आउट नाही. चेनचे अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आहेत.

आता पुढे काय तपासावं? आणि तोवर गाडी चालवावी का?

प्रतिसाद :
चिमट्याचा बुश, म्हणजे चासीला जोडतो त्या सांध्यातली नळी, गेलाय. वळणावर मागून झोला बसतो म्हणालात ना, ते बुशचंच लक्षण. बुश टाका, विषय संपला.

प्रश्नकर्ता :
आधी मलाही तेच वाटलं होतं. पण चाक हलवताना दुसऱ्या माणसाला चिमटा आणि चासीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगितलं. तिथे काहीच हालचाल नाही. चिमटा जागेवर राहतो आणि चाक चिमट्यात हलतं.

प्रतिसाद :
मग हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, रबर बघा. जुन्या गाड्यांमध्ये हमखास सपाट झालेलं असतं.

प्रतिसाद :
रबराचा प्ले वेगळा असतो भाऊ. गिअर टाकून चाक पुढे-मागे फिरवलं तर तो कळतो, चाक आडवं हलण्याशी त्याचा संबंध नाही. वरचं ‘विषय संपला’ही जरा घाईचंच झालं.

प्रश्नकर्ता साहेब, तुम्ही अर्धं काम केलंच आहे. प्ले चाक आणि चिमटा यांच्या मध्ये आहे हे नक्की झालं. आता तिथे तीनच जागा उरतात : एक्सल आणि बेअरिंगची आतली रिंग, बेअरिंगच्या दोन रिंगांच्या मध्ये, आणि बाहेरची रिंग आणि हब. मधली जागा तुम्ही बेअरिंग हातात घेऊन तपासलीत, ती ठीक दिसते. राहिल्या दोन.

एक प्रश्न. एक्सलचा नट पूर्ण आवळला की चाक जड फिरतं का? आणि थोडा सैल केला की मोकळं होतं का? तसं असेल तर दोन बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे डिस्टन्स पीस, झिजून आखूड झालाय किंवा बसवायचाच राहिलाय. नट आवळल्याचा सगळा दाब एका आतल्या रिंगवरून नळीवर आणि नळीवरून दुसऱ्या रिंगवर जायला हवा. नळी आखूड असली की तो दाब गोळ्यांवर आडवा येतो. मग नवीन बेअरिंगही लवकर मरतं, आणि शिव्या खातो बेअरिंग बनवणारा.

प्रश्नकर्ता :
नाही. नट पूर्ण आवळूनही चाक मोकळं फिरतं. सैल-घट्ट करून पाहिलं, प्लेमध्ये काडीचा फरक नाही.

प्रतिसाद :
मग नळी बहुतेक शाबूत आहे. चाक काढा. आधी एक्सल काचेवर लोळवून बघा, वाकला असेल तर लगेच दिसेल. बेअरिंग बसतात तिथे त्याच्यावर खाच पडलीय का तेही बघा. ६२०२ असेल तर आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५, रुंदी ११. ६२०३ असेल तर १७, ४०, १२. नंबर रिंगवर कोरलेला असतो, तो वाचा आणि एक्सल व्हर्नियरने मोजा. चुकून दुसऱ्याच मापाचा एक्सल पडलाय, असंही पाहिलंय.

माझा संशय मात्र हबवर आहे. चाकात बेअरिंगची बाहेरची रिंग हबबरोबर फिरते, म्हणून ती हबमध्ये दाबून, ठोकून बसायला लागते. आतली रिंग एक्सलवर हाताने सरकली तरी चालतं. हब अ‍ॅल्युमिनियमचा, रिंग पोलादाची. एकदा का बाहेरची रिंग हबमध्ये सरकायला लागली की हब झिजतो, रिंगला काही होत नाही. नवीन बेअरिंग ठोकलं की काही दिवस धरून राहतं, मग पुन्हा सुटतं. तुमची गोष्ट याच्याशी जुळते. ऑइल सीलच्या आत काळा, करड्या पेस्टसारखा मळ दिसला तर समजा तीच झीज आहे. ज्या बाजूला चेन ओढते त्या बाजूची सीट, म्हणजे हबमधली बेअरिंग बसायची जागा, आधी बघा.

आणि हो, तोवर गाडी उभीच ठेवा. चाक आडवं झालं की ब्रेक शूही ड्रममध्ये तिरके लागतात.

प्रश्नकर्ता :
चाक उघडलं. एक्सल सरळ आहे, खाच नाही. ब्रेकच्या बाजूचं बेअरिंग ठोकूनच निघालं. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या, बाजूचं मात्र सील काढल्यावर बोटाने बाहेर आलं! सीट आरशासारखी चकचकीत झालीय आणि तुम्ही म्हणालात तसा काळा मळ होता.

गॅरेजवाला म्हणतो, सीटवर पंचने डॉट मारून देतो, घट्ट बसेल. मारू द्यावेत का?

प्रतिसाद :
नका. पंच मारल्यावर उठलेले कण तेवढे बेअरिंगला धरतात, ते दबले की परत तेच, शिवाय बेअरिंग तिरकं बसायची भीती. झीज अगदी नखभर असेल तर रिटेनिंग कंपाउंड (रिंग जागेवर चिकटवून ठेवणारं रसायन) लावून काम चालतं, पण बोटाने निघतंय म्हणजे ती वेळ गेली. दोन रस्ते आहेत : हब बदलून चाक पुन्हा विणून घेणं, किंवा लेथवर सीट मोठी करून तिच्यात स्लीव्ह, म्हणजे पातळ कडं, दाबणं. स्लीव्हसाठी हबला पुरेशी जाडी हवी, ते टर्नर हातात घेऊन सांगेल. स्लीव्ह ब्रेकच्या बाजूच्या सीटशी एका रेषेत बोअर करायला सांगा, नाहीतर चाक कायमचं डोलेल.

बेअरिंग बसवताना हब गरम करा. तापमान ८० अंशांनी वाढलं की ३५ मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक साधारण ०.०६ मिमी मोठं होतं, बेअरिंग जवळजवळ स्वतःहून आत जातं. ठोकायचंच झालं तर बाहेरच्या रिंगवर ठोका, आतल्या रिंगवर नको. आणि दुसरं बेअरिंग बसवण्याआधी मधली नळी आत टाकली ना, हे स्वतः उभं राहून बघा.

प्रश्नकर्ता :
टर्नरला दाखवलं. हबला जाडी आहे म्हणाला, स्लीव्ह होईल. स्लीव्ह पोलादाची करू की अ‍ॅल्युमिनियमची, असं विचारतोय. काय सांगू?

प्रतिसाद :
पोलादाची. पातळ भिंत असली तरी टिकते आणि पुन्हा झिजणार नाही. फक्त हबमध्ये जाताना ती चांगली घट्ट दाबून बसली पाहिजे, कारण हब गरम झाला की स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो.