बाबांना घरी एनिमा द्यायचाय, कुणी दिलाय का? प्लीज लवकर सांगा

लेक_सांगलीची
बाबा ७८ वर्षांचे आहेत, बाथरूममध्ये पडले आणि उजव्या खुब्याचा बॉल बदलला, आता घरी आणलंय. दुखण्यासाठी ट्रामाडॉलवाली गोळी चालू आहे, शिवाय कॅल्शियम, लोहाची गोळी, बीपीची गोळी. चार-पाच दिवस पोटच साफ नाही, पोट गच्च झालंय, जेवायला बसवलं की दोन घास खाऊन नको म्हणतात. डॉक्टर फोनवर म्हणाले एनिमा द्या. मेडिकलवाल्याने १०० मिलीच्या दोन तयार बाटल्या दिल्या, शेजारच्या काकू म्हणतात एकीने नाही झालं तर लगेच दुसरी द्यायची. खरंच द्यायची का? आणि मोठा प्रॉब्लेम हा की बाबा मला हात लावू देत नाहीयेत, "तू बाहेर जा" एवढंच म्हणतात. भाऊ पुण्याला असतो, आईच्याने हे होणार नाही.

रिटायर्ड_सिस्टर
अगं आधी दुसरी बाटली कपाटात ठेवून दे. एका दिवसात एकच, काकू काहीही म्हणोत.

आता कसं ते सांगते. डाव्या कुशीवर झोपवायचं, कारण आतडं त्या बाजूला वळतं आणि औषध आपोआप आत उतरतं. पण बाबांचा उजवा खुबा ताजा आहे म्हणून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी हवीच, पायावर पाय येऊ द्यायचा नाही आणि उजवा पाय पोटाकडे फार ओढायचा नाही. हे कुशीवर वळवणं चालेल का ते तुमच्या ऑर्थोवाल्यांना एकदा विचारून घे. खाली प्लास्टिक, त्यावर जुनी चादर, बेडपॅन हाताशी. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही हं, आतली कातडी भाजते. टोपण काढून नळीच्या टोकाला जेली लाव, नसेल तर व्हॅसलीन. त्यांना तोंडाने लांब श्वास सोडायला सांग, त्याच वेळी नळी बेंबीच्या दिशेने हळूहळू आत. अडलं तर ढकलायचं नाही, थोडं मागे घेऊन परत बघ, तरी जात नसेल किंवा दुखलं, रक्त दिसलं तर तिथेच थांब. बाटली सावकाश दाबायची आणि दाबलेलीच बाहेर काढायची, सोडली तर औषध परत बाटलीत खेचलं जातं. पाच मिनिटांत जोराची कळ येते, धरून ठेवा म्हणून जबरदस्ती करू नकोस. आणि त्यांना एकटं संडासापर्यंत चालत पाठवू नको, घाईत पडतील ते परत.

लाजेचं म्हणशील तर नर्सिंग ब्युरोतून ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, बोलाव, एका व्हिजिटसाठी येतात. आमच्या वॉर्डातसुद्धा अशा वयाचे आजोबा मुलीसमोर नाही म्हणायचे आणि ब्रदर आला की गुपचूप कुशीवर वळायचे.

पक्या
एवढं कशाला, आमच्याकडे आजीला साबणाचं पाणी द्यायचे एनिमाच्या भांड्यातून, लगेच मोकळं

रिटायर्ड_सिस्टर
@पक्या द्यायचे हो, मीही पूर्वी दिलंय, पण साबणाने आतड्याच्या आतल्या बाजूला सूज येते, कधी कधी जखमाही होतात, म्हणून आता टाळतात. आणि नुसतं पाणी भांडी भरभरून चढवत राहिलं तर ते शरीरात शोषलं जातं, म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरतं आणि मग बडबड सुरू होते, घरच्यांना वाटतं वय झालं.

ओपीडीवाला
एमबीबीएस आहे, फॅमिली प्रॅक्टिस. कृती सिस्टरनी व्यवस्थित सांगितली आहे, मी फक्त देण्याआधीचं बोलतो. त्या तयार बाटलीत बहुतेक सोडियम फॉस्फेट असतं, लेबल वाचा. किडनी कमजोर असेल तर ते फॉस्फेट बाहेर टाकलं जात नाही, रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये याच औषधाबद्दल इशारा दिला होता, २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेतल्याने माणसं दगावली होती म्हणून. ५५ च्या पुढचं वय, किडनीचा आजार, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर, यात जास्त जपायचं. तुमच्या बाबांच्या बाबतीत यातलं किती लागू होतं बघा. डिस्चार्जच्या फाइलमध्ये क्रिएटिनिन किती आहे? (किडनी कसं काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे किडनी कमजोर.) आणि दिलेला एनिमा अर्ध्या तासात बाहेर आलाच नाही तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना कळवा, औषध आतच राहणं हाच खरा धोका.

उलट्या होत असतील, पोट फुगून दुखत असेल, गॅसही सरत नसेल, तर एनिमा अजिबात नाही, थेट हॉस्पिटल.

अजून एक, थोडं थोडं पातळ कपड्याला लागतंय का? लोक जुलाब समजून पोट बांधणारी गोळी देतात आणि आत घट्ट मळाचा खडा बसलेला असतो, त्याच्या कडेने पाणी झिरपतं. तसं असेल तर बाटलीने भागत नाही, ग्लोव्ह घालून बोटाने काढावं लागतं आणि ते घरच्यांनी करायचं काम नाही.

नीलू
आयुर्वेदातली बस्ती (त्यांचा एनिमा) नाही का चालणार? आमच्या वैद्यांनी तेलाची दिली होती सासूबाईंना, छान गुण आला

ओपीडीवाला
वैद्यांनी पेशंट बघून दिली तर तो त्यांचा निर्णय. व्हिडिओ बघून घरी काढे आणि कॉफी चढवणारे भेटतात मला, त्यांना मात्र हात जोडून नको म्हणतो.

लेक_सांगलीची
फाइल बघितली, क्रिएटिनिन २.१ आहे!! आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टनच निघाली. आमच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच ती बाटली नको सांगितली. ब्रदर येऊन तपासून गेला, खडा होताच, त्याने काढला आणि ग्लिसरीनची कांडी ठेवली, संध्याकाळी बऱ्यापैकी झालं आणि बाबांनी चक्क भात मागितला. आता रात्री पाण्यातून घ्यायची पावडर दिलीय आणि ट्रामाडॉल कमी करून पॅरासिटामॉल. इसबगोल चालू करू का घरात आहे तर?

रिटायर्ड_सिस्टर
आत्ता नको. त्याला भरपूर पाणी लागतं, झोपून असलेला माणूस तेवढं पीत नाही आणि मग तेच आत घट्ट बसतं. त्यापेक्षा कमोडवर उंच सीट बसवून घे, खुब्याला खाली वाकावं लागत नाही, आणि सकाळच्या चहानंतर रोज तिथे बसव, तेव्हा आतड्याला आपोआप हालचाल येते. दार नुसतं लोटलेलं ठेव, कडी नको, तू बाहेर थांब म्हणजे बाबाही खूश.