मदत हवी आहे: बाबांसोबत चैत्रातल्या सकाळी

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते. गुढीपाडव्याला आग्रहाने सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेलं, तर तळ्याकाठी पाणकावळे बघत तासभर रमले! किती दिवसांनी हसले. तरुणपणी त्यांना पक्ष्यांचा आणि कबड्डीचा भारी नाद होता.

आता संत सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात आणि आसपास स्थापलेल्या ६८ शिवलिंगांचं दर्शन थोडं थोडं करत पायी घ्यायची इच्छा आहे त्यांची. वय ७१, गुडघे जरा कुरकुरतात. सोलापूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, नऊनंतर चालवत नाही. कोणी टप्प्याटप्प्याने केली आहे का? सुरुवात कुठून करावी?

कंबर तलावावर पहाटे पक्षी बघणारे कोणी जातात का? जवळच्या नान्नजच्या माळरानावर (माळढोक पक्षी अभयारण्य) त्यांना या दिवसांत न्यावं की पावसाळ्यानंतर? हलकी, सोपी दुर्बीणही सुचवा.